मोहरी कुणी टाकली?

जाधव सिस्टर मेलेल्या बाईबद्दल नेहमी वर्तमानकाळात विचारायच्या. हिला किती पोरं? ही जेवते का नीट? समोर बसलेली सासू आधी गोंधळायची, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघायची आणि मग हळूहळू तीही तसंच बोलायला लागायची. मला सुरुवातीला यात मोठा जिव्हाळा दिसला होता. मी तेव्हा नवी होते आणि मला कशातही जिव्हाळा दिसायचा. पुढे कळलं की तो डाव होता. गेलेल्या सुनेबद्दल सासू जपून बोलते, चांगलंच बोलते. घरात वावरणाऱ्या सुनेबद्दल मात्र खरं बोलून जाते.

आमचं कामच असं होतं. मुंबईच्या एका संस्थेचा अभ्यास चालला होता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेल्या काही वर्षांत मूल होण्याच्या वयातल्या ज्या बायका मेल्या, त्यांच्या घरी जायचं आणि त्या कशाने मेल्या ते घरच्यांना विचारायचं. त्यातल्या किती जणी गर्भपातानंतर मेल्या, हे संस्थेला शोधून काढायचं होतं. दाखल्यावर काय, काहीही असतं. ताप, कावीळ, अंगात रक्त नाही, पोटात दुखलं. सिस्टर या कामाला तोंडी पोस्टमॉर्टेम म्हणायच्या. त्या विचारणार, मी लिहिणार. त्या याच दोन तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या नर्स, आणि मी आसनगावची, समाजकार्याची पदवी आणि एक स्कूटर एवढ्या भांडवलावर नेमलेली.

सिस्टर बुटक्या, रुंद बांध्याच्या, आवाज बसका. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर फॉर्मची पिशवी, आणि भातसानगरच्या फाट्यापासून गाव येईपर्यंत माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवायच्या. कुठल्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या. तहान लागलेली असो वा नसो. आडनाव सांगून झाल्यावर पाणी मागायचं आणि ते कुठल्या भांड्यातून येतं ते बघायचं. कपाटातला स्टीलचा पेला आला तर एका घोटात संपवायच्या. ओसरीवरच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप आला तर तोही संपवायच्या, आणि मला सांगायच्या की हे घर खोटं बोलणार. त्यांचा हा अंदाज सहसा चुकायचा नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. शहापूरकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. सव्वीस वर्षांची सून गेलेली. सासू सांगत होती, कावीळ झाली, डोळे पिवळेधमक झाले, मुळी बांधली, उतरली नाय. मी भराभर लिहीत होते. सिस्टरनी सासूचं मनगट हातात घेतलं होतं. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती आणि लोकांना ती माया वाटायची. प्रत्यक्षात त्या नाडी मोजत असायच्या. काविळीचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कुठली मुळी, कुणी बांधली तेही विचारलं, आणि त्याच सुरात म्हणाल्या, "मोहरी कुनी टाकली?"

"थोरल्या दिरानं," सासू म्हणाली.

आणि मग ती थांबली. मला काही कळेना. सिस्टरनी तिचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवून दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिव. गरोदर होती का? होय."

नंतर वाटेत त्यांनी मला समजावलं. पोटात गर्भ असताना किंवा पोट रिकामं झाल्यावर बारा दिवसांच्या आत बाई गेली तर ती हडळ होऊन परत येते, असं इकडे मानतात. म्हणून तिला नेताना दारापासून स्मशानापर्यंत मागे मोहरी टाकत जातात. तिने परत यायचं तर एकेक दाणा वेचत यायचं, आणि तेवढ्यात उजाडतं. कावीळ झालेल्या बाईमागे कुणी मोहरी टाकत नाही. डॉक्टरला, पोलिसपाटलाला, माहेरच्यांना, आम्हाला, सगळ्यांना काही ना काही सांगून टाळता येतं. "भुताला कोन फसवील?" सिस्टर म्हणाल्या. "थितं खराच वागावा लागतो." त्या स्वतः बौद्ध. त्यांच्या आजाच्या वेळीच घरातून हे सगळं बाहेर पडलं होतं. पण दुसऱ्याने टाकलेली मोहरी बघायला आमाला मनाई नाय, असं म्हणायच्या.

मी त्या दिवशी त्यांच्यावर इतकी खूश झाले की घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, असली कसली गं तुझी सिस्टर.

संस्थेच्या मुंबईच्या मॅडमनाही तेच वाटलं. त्या महिन्यातून एकदा यायच्या, फॉर्म तपासायच्या. हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही, माणसाला कोंडीत पकडून उत्तर काढणं अभ्यासाच्या नियमात बसत नाही, असं त्यांनी सिस्टरना फार सभ्यपणे सांगितलं. सिस्टर म्हणाल्या की उत्तरही तुमच्या फॉर्ममध्ये नाही. मॅडम हसल्या, त्यांनी कानाडोळा करायचं ठरवलं. कारण बाकीच्या तालुक्यांतल्या जोड्या ताप आणि कावीळ घेऊन परत येत होत्या आणि आमच्याकडे खरं येत होतं.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ती तुम्हाला इथेच सांगून टाकते. नाहीतर सिस्टर तुम्हाला नुसत्या हुशार वाटत राहतील. आमच्या यादीत मुरबाड तालुक्यातली सुनंदा नावाची एक बाई होती. सिस्टर नोकरीत असताना ती त्यांच्या केंद्रात मदत मागायला आली होती आणि सिस्टरनी तिला परत पाठवलं होतं. त्यानंतर ती मेली. आमच्यापैकी हे फक्त सिस्टरना माहीत होतं. तो फॉर्म त्या दर आठवड्याला गठ्ठ्याच्या तळाशी घालायच्या. तिकडचा रस्ता खराब आहे म्हणायच्या. मी सांगितलं की रस्ता डांबरी झालाय. तर म्हणाल्या, मग भात लावणी चाललीय, घरात कुणी भेटणार नाही. लावणी झाली, कापणी झाली. एकदा म्हणाल्या, घर बंद असं लिहून टाक. बंद घरापुढे दोन-दोन तास उकिडव्या बसून राहणारी ही बाई. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तोवर त्या इतरांना सोलत होत्या. दुसरा शब्द मला सुचत नाही.

एका घरी नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं होतं. पहिली कशाने गेली ते तो सांगत होता, म्हणजे सांगत नव्हता. नवी बायको चहा घेऊन आली. सिस्टरनी चहा घेतला, तिला जवळ बसवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, पाळी कधी आली होती. पोरगी विशीतली. तिने नवऱ्याकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, त्याच्याकडं काय बघतेस, त्याला येते का? मग तिला नीट समजावलं की तुझ्या आधीच्या बाईचा गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता, याने मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या तिने तपासणी न करता घेतल्या, नळी फुटली आणि पोटातल्या पोटात रक्त सांडून ती गेली. हे खरं असावं. नवऱ्याने जेवढं तोडकंमोडकं सांगितलं होतं त्यातून सिस्टरनी ते जुळवलं होतं. पण नव्या बायकोला ती ताप येऊन गेली असंच माहीत होतं. चहाचा ट्रे तिच्या हातात तसाच राहिला. "तुला कदी वाटलं तर गोळी मागू नको, सोनोग्राफी माग," असं सांगून सिस्टर उठल्या. बाहेर मी म्हणाले, हे असं सांगायची काय गरज होती? त्यांनी मला विचारलं, गोड कसं सांगायचं असतं ते तू सांग. 

आणि एकदा मी रडले. मुलगी माझ्याच वयाची होती, तिच्या वह्यासुद्धा आईने ठेवल्या होत्या, लग्न ठरलेलं. आई बोलत होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टरनी मला सरळ अंगणात पाठवलं. मला वाटलं, मायेने पाठवलं. अर्ध्या तासाने त्या भरलेला फॉर्म घेऊन बाहेर आल्या. गाडी काढता काढता म्हणाल्या, "पुन्हा घरात रडू नको. तू रडलीस का त्यांची सुटका व्हते." मी विचारलं, त्या आईचं तरी काय चुकलं होतं? तर म्हणाल्या, पोट पाडायला कायतरी घेऊन पोरीला उलट्या व्हत व्हत्या तवा आईनं दार लावून घेतला, लोकांना आवाज जाईल म्हनून. त्या आईकडून हे त्यांनी अर्ध्या तासात काढलं होतं. मी त्या दिवशी त्यांचा द्वेष केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांना स्कूटरवर घेऊन निघाले. कामात त्यांच्यासारखं कुणी नव्हतंच.

अखेर मॅडमचा निरोप आला. काम संपत आलंय, राहिलेला एक फॉर्म भरा नाहीतर कारण द्या. मी सिस्टरना सांगितलं की मी एकटी जाते. त्या स्कूटरजवळ उभ्या राहिल्या, पिशवीचा बंद दोनदा सोडला, दोनदा बांधला, आणि मागे बसल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या गाडी चालवण्याला एकदाही नावं ठेवली नाहीत.

घर गावाच्या टोकाला होतं. सुनंदाचा नवरा अंगणात पेंढा रचत होता. चाळिशीचा, काटक, बोलायला मवाळ. सिस्टरना बघून त्याचा चेहरा उजळला. सरकारी दवाखान्यातल्या जाधव सिस्टर, त्याच्या पोरांना डोस यांनीच दिलेले. त्याने खाट टाकली, स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. सिस्टरनी पाणी मागितलं नव्हतं.

मी आधी संमतीपत्र वाचून दाखवलं. ही माहिती गुप्त राहील, तुमची हरकत नसेल तर इथे सही करा. त्याने हसून डावा अंगठा पुढे केला. "सही येत नाय ताय मला. अंगठाच चालतो आपला सगलीकडं." मी शाईचा डबा उघडला. त्याने अंगठा उमटवला आणि पेंढ्यावर पुसला. सिस्टर त्या अंगठ्याकडे बघत होत्या, एवढं माझ्या लक्षात आलं. का ते कळलं नाही.

प्रश्न मीच विचारले.  तो म्हणाला, ताप आला, अंगावरून लई जात व्हतं, आमाला वाटला बायांचा काय ते असेल. नऊ दिवस असंच चाललं. मुरबाडला नेली, तिथून पुढे न्यायला सांगितलं, गाडीतच गेली. मी लिहिलं. मग जे शिकले होते ते केलं. मोहरी कुणी टाकली, असं मी विचारलं.

त्याने पेंढ्याची एक काडी मोडली. "मीच," म्हणाला.

मग त्याने सांगितलं. धाकटा अंगावर पीत होता आणि हिला पुन्हा दिवस गेले. हिने कुठून तरी गोळ्या आणून घेतल्या. त्याला माहीत नव्हतं, शपथ घेऊन सांगत होता. दिवस वर गेले होते, गोळ्यांनी अर्धवट झालं आणि आत सडलं. मी पुढचा प्रश्न वाचला. गोळ्या घेण्याआधी तिने कुठे मदत मागितली होती का?

"कुटंच नाय. तिनं कुनाला इचारलाच नाय. इचारायला पायजे व्हता."

माझं पेन 'नाही'च्या चौकटीवर होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांब. आली व्हती. माझ्याकडं आली व्हती."

मग त्यांनी सांगितलं, बसक्या आवाजात, नवऱ्याकडे बघत. सुनंदा आधी दोन वेळा आली. दिवस कोवळे होते. मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी हवी होती, बस. सिस्टर म्हणाल्या, नवऱ्याची सही आण. ती म्हणाली, ते देणार नाहीत. मग येऊ नको, असं सिस्टर म्हणाल्या. तिसऱ्या वेळी ती कागद घेऊन आली. त्यावर नवऱ्याचं नाव लिहून खाली सही केलेली होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर गोल, ओळ चढती. सिस्टरनी तो कागद ओपीडीच्या रांगेसमोर वर धरला आणि विचारलं की तुझा नवरा लिहायला कधी शिकला गो? रांगेतल्या बायका हसल्या. मग सिस्टरनी तो फाडून टाकला. सुनंदाने तुकडे गोळा केले आणि गेली.

मी समाजकार्याची पदवी घेतलेली बाई. सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची सही लागते, नवऱ्याची लागत नाही, हे मला पाठ होतं. सिस्टरना ते माहीत होतं का, हे मी तिथेच विचारलं. त्या म्हणाल्या, नवऱ्याची सही लागत नाही असा कागद आला होता वरून. आमी सगल्याच मागायचो. नवरे येऊन भांडतात मागनं, म्हनून. केंद्रातल्या प्रत्येक बाईने हेच केलं होतं, त्यांच्या आधीच्या सिस्टरने त्यांना हेच शिकवलं होतं, आणि फॉर्मच्या एकाही पानावर यासाठी चौकट नव्हती.

नवरा ऐकत होता. मला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल, पेंढा उधळून टाकेल. मला तसं व्हायला हवं होतं. त्याने डोळे पुसले आणि हात जोडले.

"सिस्टर, तुमी बरोबर केलात," तो म्हणाला. "नवऱ्याला इचारल्याबिगर कशी द्यायची चिट्टी? मी सही दिलीच नसती."

आणि वर म्हणाला की तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता.

सिस्टरचा हात आपोआप त्याच्या मनगटाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. मग माझ्याकडे वळल्या. मला विचार, म्हणाल्या. पहिल्या पानापासून. माहिती देणारी मी.

मी नवा फॉर्म काढला. नाव. वय. पत्ता. मग मयताशी नातं. नवरा, आई, सासू, बहीण, शेजारी, असे पर्याय होते आणि शेवटी इतर. त्या म्हणाल्या इतर. इतर असेल तर काय ते लिहावं लागतं, मी म्हणाले. माझा सूर चांगला नव्हता, मला माहीत आहे.

"लिव," सिस्टर म्हणाल्या. "सही मागनारी."

मी लिहिलं. पुढचे सगळे प्रश्न मी एकेक करून विचारले, त्यांनी जसे इतरांना विचारले तसेच. किती दिवसांची गरोदर होती? तुम्ही तिला काय म्हणालात? ती काय म्हणाली? रांगेत किती बायका होत्या? त्या हसल्या तेव्हा तुम्ही हसलात का? हा शेवटचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. होय, त्या म्हणाल्या. मी ते समासात लिहिलं. त्यांनी खाली सही केली, पूर्ण नावाची, ठसठशीत.

त्या फॉर्मचं काय झालं तेही सांगते. मॅडमनी तो दोनदा वाचला. त्यांचे डोळे भरून आले, पण नियम नियम असतो. मुलाखत घेणाऱ्या माणसालाच माहिती देणारा म्हणून धरता येत नाही. एकाच मरणाचे दोन फॉर्म, त्यांत एकमेकांशी न जुळणारी उत्तरं. दोन्ही बाद झाले. अभ्यास छापून आला तेव्हा मी त्यातली आमच्या भागाची पानं वाचली. सुनंदा त्यात नाही. गर्भपातानंतर मेलेल्यांत नाही, मदत न मिळालेल्यांत नाही, ताप-काविळीतही नाही. तिच्यामागे टाकलेली मोहरी तेवढी खरी.

सिस्टरना त्यानंतर मी भेटले नाही. त्यांनी काम सोडलं. मी फोन केला नाही, त्यांनीही केला नाही. आज वाटतं करायला हवा होता. कारण त्या दिवशी मी जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आम्ही अंगणातून निघालो. मी स्कूटर सुरू केली. सिस्टर नेहमीप्रमाणे पिशवी सावरत मागे बसायला आल्या, आणि मी म्हणाले, मला दुसरीकडे जायचंय, तुम्ही एसटीने जा. दुसरीकडे कुठे ते त्यांनी विचारलं नाही. एसटी फाट्यावर थांबते आणि फाटा तिथून चार किलोमीटर लांब होता. ऊन चढलं होतं. मी निघाले.

पुढे वळणावर गुरं आडवी आली म्हणून मला बराच वेळ थांबावं लागलं. मागून मोटारसायकलचा आवाज आला. तो सुनंदाचा नवरा होता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि मागे सिस्टर बसल्या होत्या, एका बाजूला पाय सोडून. गुरांमधून वाट काढताना तो मला ओरडून म्हणाला की काळजी करू नका ताय, सिस्टरना मी सोडतो स्टँडपर्यंत. खड्डा आला की तो गाडी अगदी हळू करत होता आणि मागे वळून विचारत होता, लागला नाय ना? सिस्टर मान हलवत होत्या. धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचा खांदा धरला होता.